मदत हवी आहे : त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्या केरी-तेरेखोल फेरीबोटीने गाडी नेता येईल का?

आम्ही म्हापशाहून निघणार. सात आसनांची गाडी, आम्ही चौघे मोठे, दोन मुलं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडी केरीला ठेवून पायी पलीकडे जाणं जमणार नाही.

बेत असा: सकाळी शिवोलीचा पूल, मोरजी, हरमल, केरी, मग फेरीने तेरेखोल किल्ला. संध्याकाळी मात्र साखळीला विठ्ठलापूरला पोहोचायचंच आहे. वाळवंटी नदीतल्या सजवलेल्या होड्या आईला दाखवायच्या आहेत, ते चुकवायचं नाही. दुसऱ्या दिवशी नार्वेचं सप्तकोटेश्वर आणि तिथून फेरीने दिवाडी.

अडचण ओहोटीची. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा ठोकताळा धरला तर पौर्णिमेला (पंधरावी तिथी) भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी साडेपाचला, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी खूपच खाली जाणार. मागे एकदा अशाच ओहोटीला फेरीच्या धक्क्याच्या उतारावर आमच्या गाडीचा मागचा बंपर काँक्रीटवर खरडला; शेवाळावर चाक फिरत राहिलं आणि मागून चौघांनी ढकललं तेव्हा गाडी वर चढली. आता आई गाडीत असताना तो धोका नको.

किरणपाणी-आरोंदा पुलावरून रस्त्याने जाता येतं हे ठाऊक आहे. पण मुलांना फेरीच हवी, म्हणून निदान जाताना तरी फेरीने आणि परतताना रस्त्याने असा विचार आहे.

नेहमी ये-जा करणाऱ्यांनी सांगावं: उधाणाच्या दिवशी भरलेली मोठी गाडी केरीहून किती वाजेपर्यंत बिनघोर चढवता येते? आणि तेरेखोलहून आरोंदामार्गे साखळीला यायला दुपारी किती वाजता निघावं?