शब्दचर्चा: 'कव्हर' नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): सोसायटीच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहिते आहे. गीतरामायणातलं एक पद, 'तीर्थ विठ्ठल' आणि 'झिंगाट' अशी गाणी आहेत. मुलं सगळ्यांनाच 'कव्हर' म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर: ताई, सगळ्यांना नाही म्हणता येणार. नुसता गाणारा बदलला म्हणून कव्हर होत नाही. आधी कुणाचं तरी ध्वनिमुद्रण गाजलेलं हवं, आणि तेच शब्द, तीच चाल दुसऱ्याने गायलेली हवी. शब्दच मुळी रेकॉर्डच्या धंद्यातला. 1950च्या दशकात अमेरिकेत एका कंपनीचं गाणं चाललं की दुसरी कंपनी तेच आपल्या गायकाकडून गाऊन घ्यायची.

म्हणून अभंगाचं उत्तर चालीवर ठरतं. शब्द नामदेवांचे, सगळ्यांचेच. भजनी मंडळ टाळ घेऊन पारंपरिक चालीत म्हणतं, ते कव्हर नव्हे. पण राम फाटकांची चाल घेतलीत, ती गाणाऱ्या भीमसेन जोशींच्या जागा, म्हणजे सुरांची खास वळणं, तशीच घ्यायचा प्रयत्न केलात, तर खुशाल कव्हर म्हणा.

गीतरामायण मला सगळ्यात अवघड वाटतं. 1955 साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा कितीतरी जणांनी पदं गायली. पुढे बाबूजींनी, म्हणजे संगीतकार सुधीर फडके यांनी, छप्पन्नही पदं स्वतः गायली. चालच त्यांची, मग त्याला कव्हर कसं म्हणणार? मी तरी म्हणणार नाही. तुम्ही गाल ते मात्र कव्हर.

'झिंगाट' मराठीत गायलात तर कव्हर. 2018च्या 'धडक'मधलं हिंदी 'झिंगाट' नव्हे. चाल अजय-अतुल यांचीच, पण शब्द नवे, म्हणून ती हिंदी आवृत्ती.

आणखी एक उत्तर (वाशी): कायद्यातला अर्थ याहून अरुंद आहे. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 31-सी आलं. त्यात 'कव्हर व्हर्जन' म्हणजे त्या कलमाप्रमाणे केलेलं ध्वनिमुद्रणच. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची, चालीत मनमानी बदल करायचे नाहीत. स्टेजवरचं गाणं त्यात बसतच नाही.

पहिलं उत्तर देणारे: हो, आणि रिमिक्स यात मिसळू नका. रिमिक्समध्ये मूळ ध्वनिमुद्रणच कापून-जोडून वापरतात, कव्हरमध्ये सगळं नव्याने गाऊन-वाजवून घ्यावं लागतं. ताई, निवेदनात कव्हर लिहा किंवा लिहू नका, पण प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक या तिघांची नावं घ्याच.