वाघाची मावशी

कुणीतरी लिहिलंय की जपानी ब्योबूंवरचे (घडीच्या पडद्यांवरचे) वाघ मांजरासारखे दिसतात, म्हणजे चित्रकार कच्चे. मला नाही पटत. जपानात वाघ नव्हतेच! चित्रकारांसमोर असायची ती बाहेरून आलेली कातडी, चिनी चित्रं आणि घरातलं मांजर. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो, त्यांनी ते नातं फारच मनावर घेतलं. काही वाघांच्या डोळ्यांत बाहुल्यासुद्धा मांजरासारख्या उभ्या आहेत (खऱ्या वाघाच्या गोल असतात). त्याहून गंमत म्हणजे बिबट्या ही वाघाची मादी असा समज होता. त्यामुळे वाघांच्या कळपात एखादी ठिपकेवाली 'वाघीण' हमखास सापडते.

हत्तीचं मात्र वेगळं. १७२८ साली व्हिएतनामहून नागासाकीला हत्ती आला आणि पुढच्या वर्षी क्योतोमार्गे एदोपर्यंत (आजच्या टोकियोपर्यंत) चालत गेला. क्योतोचा चित्रकार इतो जाकुचू तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा. पुढे त्याच्या नावावर असलेल्या, हजारो बारीक चौकोनांतून रंगवलेल्या पडद्यावर मधोमध पांढरा हत्ती उभा आहे. त्याने तो हत्ती पाहिला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून काही जात नाही.