मदत हवी आहे: लहानशा बेटामुळे दोन देशांची सागरी सीमा किती सरकते?

नमस्कार. मी पुण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. १४ जानेवारीच्या भूगोल दिनासाठी माझ्या नववीच्या सहा मुलांनी 'बेट एवढंसं, समुद्र केवढा' हा विषय घेतलाय. विषय त्यांनीच निवडला, वाचनही मन लावून केलं. आता मात्र आम्ही अशा ठिकाणी अडलोय की माझं भूगोलाचं ज्ञान पुरत नाही, कायदा कळणारं कोणीतरी हवं.

सुरुवात झाली ती एका गणितापासून. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात बेटाची व्याख्या आहे: नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चहूबाजूंनी पाणी असलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. अशा बेटाला १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो, म्हणजे देशाचाच भाग मानलेलं पाणी. ते नुसता खडक नसेल, माणसांची वस्ती किंवा स्वतःचं अर्थजीवन पेलू शकत असेल, तर २०० मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्रही मिळतं, म्हणजे जिथले मासे, खनिजं वगैरे फक्त त्याच देशाने काढायची असं पाणी. मुलांनी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं. १२ मैलांचं वर्तुळ साधारण १,५५० चौरस किमी, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाएवढं. २०० मैलांचं सुमारे ४,३१,००० चौरस किमी. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३! हे आकडे फळ्यावर आले तेव्हा वर्ग अगदी गप्प झाला होता. एवढ्याशा दगडासाठी देश का भांडतात, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

पुढे अडचण आली. अप्पा बळवंत चौकातून मोठा नकाशा आणला, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरचे बिंदू कंपासने काढले आणि जोडले. भारत-बांगलादेश आणि बांगलादेश-म्यानमार अशा दोन्ही रेषा काढल्या. बांगलादेशचं सेंट मार्टिन बेट धरून एकदा, न धरता एकदा. या सीमांबद्दलच्या प्रत्यक्ष आंतरराष्ट्रीय निवाड्यांतल्या रेषांशी यातली एकही जुळत नाही.

मुलांना तक्ता करायचा होता: बेट एवढं मोठं असेल तर परिणाम एवढा. तोही जमेना. सेंट मार्टिन सुमारे ८ चौरस किमीचं, सात हजार वस्तीचं, तरी २०१२ च्या निवाड्यात त्याला फक्त १२ मैल. काळ्या समुद्रातलं युक्रेनचं सर्पबेट जेमतेम ०.१७ चौरस किमीचं, त्यालाही २००९ मध्ये १२ मैलच. मग आकाराला काही किंमत आहे की नाही? 'अर्धा परिणाम' असंही एके ठिकाणी वाचलं, ते नकाशावर कसं काढायचं?

आणि एका मुलाने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही: "बाई, न्यू मूर बेट तर बुडालं. मग त्याच्यासाठी मागितलेला समुद्र कोणाचा?" (न्यू मूर म्हणजे भारत आणि बांगलादेश दोघांनीही दावा सांगितलेलं बंगालच्या उपसागरातलं बेट.) चुकीचं उत्तर द्यायचं नाहीये. कृपया मदत करा.

प्रतिसाद १

ताई, मी वकील आहे, याच विषयात पुढचं शिक्षण घेतलंय. तुमचा तक्ता जमत नाही कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. पहिला, बेटाला स्वतःचा हक्क किती? त्याचं उत्तर तुम्ही लिहिलेल्या व्याख्येत आहे. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या निवाड्यात लवादाने इतू आबासारख्या मोठ्या बेटालाही खडकच ठरवलं, तो हा प्रश्न होता. दुसरा प्रश्न शेजारी देशाचा हक्क त्याच पाण्यावर येतो तेव्हा उभा राहतो: वाटणी करताना त्या बेटाला वजन किती द्यायचं? इथे आकारापेक्षा जागा महत्त्वाची.

सेंट मार्टिनच्या बाबतीत बेट खडक आहे असं कोणी म्हटलं नाही. पण ते म्यानमारच्या किनाऱ्यासमोर, पाचेक मैलांवर आहे. त्याला पूर्ण वजन दिलं तर म्यानमारच्या मुख्य भूमीचा समुद्राकडचा रस्ताच अडतो. म्हणून १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र पूर्ण दिला आणि त्यापुढच्या रेषेसाठी बेट नाहीच असं धरलं.

मुलांना पटवायला इंग्लंड-फ्रान्सचा १९७७ चा निवाडा दाखवा. ब्रिटनकडच्या चॅनल बेटांवर लाखाहून जास्त वस्ती, पण ती फ्रान्सच्या कुशीत, मध्यरेषेच्या पलीकडे. त्यांना भोवती १२ मैलांचा तुकडा मिळाला. सिली बेटांवर दोनेक हजार माणसं, पण ती इंग्लंडच्याच टोकापुढे. त्यांना अर्धा परिणाम मिळाला, म्हणजे वस्तीच्या हिशेबाने बरोबर उलटं.

अर्धा परिणाम काढणं सोपं आहे. बेट धरून एक रेषा, बेट सोडून दुसरी रेषा, आणि दोन्हींच्या बरोबर मधून तिसरी. तिसरी तीच सीमा. तुमच्या ट्रेसिंग पेपरवर छान दिसेल.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षं बोटीवर होतो, आता कोथरूडला असतो. नकाशापुरतं सांगतो. मैल मोजायला खालची रेखांशांची पट्टी वापरू नका, बाजूची अक्षांशांची वापरा. अक्षांशाचा १ अंश म्हणजे ६० सागरी मैल. १२ मैल म्हणजे ०.२ अंश, २०० मैल म्हणजे ३ अंश २० मिनिटं. कर्कटक उघडून बाजूच्या पट्टीवर माप घ्यायचं आणि तसंच नकाशावर ठेवायचं. माप मात्र ज्या भागात काम करताय त्याच अक्षांशाजवळ घ्या, कारण मर्केटर नकाशावर उत्तरेकडे पट्टी ताणत जाते. आम्ही जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे चालककक्षात, हेच करायचो.

प्रतिसाद ३ (पहिलाच, पुन्हा)

तुमची रेषा न जुळण्याचं कारण राहिलं होतं. मुलांनी चूक केलेली नाही. समदूर रेषा ही फक्त पहिली पायरी. नंतर न्यायालय बघतं की ती एखाद्या देशावर अन्याय करते का, आणि शेवटी किनाऱ्याच्या लांबीशी वाटणी फारच विसंगत नाही ना. बांगलादेशचा किनारा आत दबलेला आहे, वाटीसारखा. दोन्ही बाजूंच्या समदूर रेषा पुढे जाऊन एकमेकींकडे वळतात आणि बांगलादेश मधे चिमटला जातो. म्हणून दोन्ही निवाड्यांत रेषा फिरवली. भारताबरोबरची ७ जुलै २०१४ ची रेषा एका बिंदूनंतर १७७ अंश ३० मिनिटं या दिशेने जाते, म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिणेला. मुलांना कोनमापकाने ती काढता येईल. वादातल्या २५,६०२ चौरस किमीपैकी १९,४६७ बांगलादेशला मिळाले. लवादातले भारताने नेमलेले सदस्य डॉ. पी. एस. राव यांनी निकालाच्या काही भागाशी असहमती नोंदवली होती, हेही मुलांना सांगा. निवाडा म्हणजे एकच मत नसतं, हे त्या वयात कळलेलं चांगलं.

आता न्यू मूर. १९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी ते वर आलं. आपण न्यू मूर किंवा पूर्बाशा म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये त्यासाठी आपली नौका तिथे उभी होती. २०१० पर्यंत ते पाण्याखाली गेल्याच्या बातम्या आल्या. लवादाने रेषेसाठी ते आधारबिंदू (जिथून अंतर मोजायचं ती जागा) म्हणून घेतलंच नाही, आणि रेषा आखल्यावर ती जागा भारताच्या बाजूला आली. म्हणजे बेट आपल्या बाजूला, पण त्याच्या नावावर जास्तीचा समुद्र नाही.

त्या मुलाला असं सांगता येईल: एकदा करार झाला किंवा निवाडा लागला की ती सीमा बेट बुडालं म्हणून आपोआप हलत नाही. धोका आहे तो जिथे सीमा अजून ठरलेली नाही तिथे. तिथे बेट गेलं तर दावाच लटका पडतो. प्रश्न फार मोलाचा विचारलाय त्याने.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल तासाला सगळं वाचून दाखवलं. एका मुलीने स्वतःहून तक्त्यातला 'आकार' हा रकाना खोडून तिथे 'कोणाच्या किनाऱ्यासमोर?' असं लिहिलं, आणि चॅनल बेटं, सिली, सेंट मार्टिन, सर्पबेट सगळी आपापल्या जागी बसली. आता बंगालच्या उपसागरासाठी दोन ट्रेसिंग पेपर आहेत, एकावर आमची समदूर रेषा आणि दुसऱ्यावर निवाड्याची. एकावर एक ठेवले की मधली पट्टी दिसते. पालक बघायला येतील तेव्हा मुलं ती स्वतः उलगडून दाखवणार आहेत.

शेवटची एक शंका. भारत-श्रीलंकेमधलं कच्चथीवू बेट घ्यावं का? घरोघरी त्याची चर्चा होते, मुलांना घ्यायचंच आहे.

प्रतिसाद ४

जरूर घ्या, पण वेगळ्या कागदावर. तिथे निवाडा नाही, दोन सरकारांमधला १९७४ चा करार आहे. पाल्कची सामुद्रधुनी इतकी अरुंद की १२ मैलांची वर्तुळं एकमेकांवर चढतात. ठरलेली रेषा बेटाच्या पश्चिमेला साधारण एक मैलावरून जाते, म्हणून बेट श्रीलंकेकडे. १९७६ मध्ये मन्नारच्या आखातातली सीमा ठरली. रामेश्वरमच्या कोळ्यांचा प्रश्न मात्र त्या रेषेने सुटला नाही, जाळी अजून त्याच पाण्यात पडतात. तेवढी एक ओळ नकाशाखाली लिहायला सांगा मुलांना.