फॅमिली व्हिजिटला मुलं नुसते फॉर्म भरतात, काय करावं?

पीएसएम_ऐरोली
नमस्कार. नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएमला (समाजवैद्यक विभागात) असिस्टंट प्रोफेसर आहे. आमचं फील्ड दिघ्याला, डोंगरउतारावरच्या वस्तीत. फॅमिली अ‍ॅडॉप्शन (प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं) सुरू झाल्यापासून फर्स्ट इयरच्या मुलांनाही घरोघर न्यावं लागतं. कल्पना उत्तम आहे, वाद नाही. पण होतं काय, तर बसमधून एप्रनांचा लोंढा उतरतो आणि दारातूनच सुरू होतं, ‘काकू, घरात किती जण? संडास आहे का? उत्पन्न किती?’ दहा मिनिटांत कुटुंब उरकलं की सगळे वडापावच्या गाडीवर. परवा एक बाई म्हणालीच, “दर वेळी विचारता, देत तर काही नाही.”

हीच मुलं स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर सगळं बरोबर करतात. वॉर्डात मात्र बीपी घेताना पेशंटच्या तोंडाकडे बघत नाहीत. एटकॉमच्या (डॉक्टरची वृत्ती, नीती आणि संवाद) तासाला आम्ही सहानुभूतीवर स्लाइड दाखवतो, तो तिसराच कप्पा. हे सगळं एकाच व्हिजिटमध्ये शिकवता येईल का? हाताशी दुपारचे दोन तास, एक मी आणि एक एमएसडब्ल्यू (समाजसेवक).

थर्ड_मायनर
मॅडम, खरं सांगू? तिथं आमचं काम काय, तेच कळत नाही. उत्पन्न विचारायचं, माणसांनी भागायचं, बी. जी. प्रसादचा क्लास (माणशी उत्पन्नावरून आर्थिक वर्ग) काढायचा, कारण व्हायवाला (तोंडी परीक्षेत) तोच विचारतात. माझ्या आईला कुणी दारात उभं राहून पगार विचारला असता तर तिने दार लावून घेतलं असतं.

जुना_एमओ
सगळी नोकरी शहापूर-मुरबाडकडच्या पीएचसींमध्ये (प्राथमिक आरोग्य केंद्रांत) झाली, आता ठाण्यात घरी असतो. म्हणून सवडीने लिहितो.

फॉर्म पहिल्या व्हिजिटला बॅगेतच राहू दे. एका घरी दोनच मुलं, आणि दर वेळी तीच दोन. काम एकच द्या: घरातल्या मोठ्या माणसाचा बीपी, पण नीट.

पुस्तक सांगतं, पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. आता दिघ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत खुर्ची कुठली? बाई पलंगाच्या कडेला बसणार, हात खाली लोंबणार, आकडा वर जाणार. मग हाताखाली उशी ठेवायची की तांदळाचा डबा, हे मुलांनी शोधायचं. पुतळा ते शिकवत नाही. कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाभोवती यायला हवी, जाड दंडाला लहान कफ लावला की उगाच बीपी वाढलेला दिसतो. आधी नाडीवर बोट ठेवून सिस्टोलिक (वरचा आकडा) काढायचा, मग स्टेथो लावायचा. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने सोडायची. आणि ती पाच मिनिटं बडबड नको, मुलांनीसुद्धा गप्प बसायचं. (हे त्यांना सगळ्यात जड जातं.)

आकडा आला १६०/१००. दारात शेजारीण उभी आहे, सासू आत आहे. कुणासमोर बोलायचं? किती बोलायचं? एका रीडिंगवर ‘तुम्हाला बीपी आहे’ म्हणायचं का? तुमचा एटकॉमचा तास तो. ‘बाही वर करू का?’ असं न विचारता कफ गुंडाळणाऱ्याला मी तिथंच थांबवायचो, पेशंटसमोर न रागावता, बाहेर नेऊन.

मग विचारायचं, “गोळ्या चालू आहेत का? बघू?” बहुतेक घरांत फ्रिजवरच्या पिशवीतून अ‍ॅम्लोडिपिनची अर्धी स्ट्रिप निघते. का सोडल्या? बाई सकाळी ऐरोलीच्या सेक्टरांत घरकामाला, नवरा रबाळे एमआयडीसीत शिफ्टला, आणि ओपीडी सकाळचीच. एका घरात हे ऐकलं तर ती हिस्ट्री (एका पेशंटची माहिती). सगळ्या जोड्यांनी परत येऊन विभागातल्या नकाशावर टाचण्या लावल्या आणि अख्ख्या गल्लीत तेच कारण निघालं, तर तो पॉप्युलेशन हेल्थ (सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा प्रश्न). तो कागद घेऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे मुलांनीच जायचं आणि संध्याकाळच्या ओपीडीबद्दल बोलायचं.

आमच्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. मधल्या महिन्यांत घराला कुलूप, मूल आणि लसीचं कार्ड दोन्ही भट्टीवर. रजिस्टरमध्ये नुसतं ‘डिफॉल्टर’, म्हणजे लस चुकवणारे. असे शिक्के मारणारे डॉक्टर तयार करायचे नसतील तर कारण विचारायची सवय फर्स्ट इयरलाच लागायला हवी.

आणखी एक. लॉगबुकातले बीपी तपासा. सगळे १२०/८०, १३०/९०, म्हणजे सगळेच शून्यावर संपत असतील, तर मुलांनी घेतलेला नाही किंवा ऐकलेला नाही. डायलवर दोन-दोनच्या रेघा असतात.

परीक्षेतही आणा. ओस्की (एकेका स्टेशनवर जाऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) १९७५ पासून छापील आहे, नवीन काही नाही. एका स्टेशनला शिपाईमावशींना पेशंट करा, दुसऱ्या कुणाला आगाऊ शेजारीण. परवानगी मागितली का, आकडा हळू आवाजात सांगितला का, याला मार्क ठेवा, तरच मुलं करतील.

आशा_कळवा
मॅडम, दुपारी बायका एकतर कामावर नाहीतर पाण्याच्या रांगेत. तुमच्या भागातल्या आशाला वेळ विचारून या. चपला बाहेर काढायला सांगा, मुलं बूट घालून चुलीपर्यंत येतात. आणि टीबीच्या घरी घोळका पाठवू नका हो. आम्ही महिनोन्‌महिने कुणाला कळू न देता गोळ्या पोचवतो, अन् एका दुपारी सगळ्या गल्लीला कळतं. काही द्यायचंच असेल तर निक्षय पोषणचे (टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारी मदत) पैसे खात्यात येतात का ते बघून द्या. नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झालेत, पण कुणाचं खातं बंद, कुणाचं आधार जोडलेलं नाही.

पीएसएम_ऐरोली
ताई, वेळ बदलून घेते. टीबीची घरं यादीतून आधी तुमच्यासारख्या कुणाकडून वेगळी काढून घेईन. सर, एक अडचण: बीपी खूपच जास्त निघाला तर? फर्स्ट इयरच्या मुलाच्या हातात काय आहे?

जुना_एमओ
त्याच्या हातात काहीच नाही, म्हणून तुम्ही गल्लीतच हवात, बसमध्ये नाही. १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटांनी तुम्ही स्वतः परत घ्यायचा. छातीत दुखणं, धाप, नजर धूसर, हातापायात कमजोरी यातलं काही असेल तर तसंच हॉस्पिटलला न्यायचं. नसेल तर चिठ्ठी देऊन लवकरात लवकर ओपीडीला, आणि ती गेली का हे पुढच्या खेपेला त्याच दोघांनी विचारायचं.

पीएसएम_ऐरोली
ठीक. पुढच्या बॅचपासून जोड्या लावते. मोठ्या मापाचे कफ विभागात आहेत की नाहीत, तेही उद्या बघते. स्टोअरची किल्ली कुणाकडे असते हे शोधण्यापासून सुरुवात आहे.