चेतापारेषक, संप्रेरक की निरोप्या?

वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. मेंदूतलं डोपामिन कमी झालंय, हे आईला सांगताना मी त्याला ‘संप्रेरक’ म्हणालो. नंतर ‘चेतापारेषक’ हा शब्द वाचनात आला. दोन्ही एकच का? आणि आईला पटकन कळेल असा शब्द कोणता?

— एकच नाहीत. संप्रेरक रक्तात मिसळून दूरच्या अवयवापर्यंत जातं. चेतापारेषक एका चेतापेशीच्या टोकाशी सुटतं आणि 20 ते 40 नॅनोमीटरची फट ओलांडून समोरच्या पेशीवर पोचतं. नॉरॲड्रेनॅलिन दोन्ही कामं करतं, म्हणजे नाव पदार्थाला नसून कामाला आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत चेतापारेषकच म्हणा.

— मला ‘पारेषक’ खटकतो. पारेषण म्हटलं की विजेचे मनोरे आणि तारा डोळ्यांपुढे येतात. इथे तर तार संपते तिथून पुढची गोष्ट आहे! 1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला शास्त्रज्ञ ऑटो लोवींनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, उत्तेजित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. दोघांना जोडणारी चेता नव्हती, होतं फक्त द्रावण. त्यातलं रसायन ॲसिटिलकोलिन निघालं आणि 1936 चं नोबेल लोवी व हेन्री डेल यांना मिळालं. म्हणून मी घरी ‘निरोप्या’ म्हणेन.

— निरोप्या गोड आहे, पण तो ठरलेला निरोप आणतो. ॲसिटिलकोलिन हृदयाला ‘हळू’ सांगतं, दंडाच्या स्नायूला ‘आवळ’. अर्थ ठरतो तो घेणाऱ्या ग्राहीवर, म्हणजे समोरच्या पेशीवरच्या, ते रसायन जिथे चिकटतं त्या जागेवर. म्हणूनच सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं चूक वाटतं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, तिथल्या हालचालींसाठी. डोपामिनला सगळे सुखाचं रसायन म्हणतात, पण कंपवात असलेल्या घरात ते सदऱ्याचं बटण लावता येण्याचं रसायन असतं.

— बटणाचं अगदी खरं. रोज सकाळी बघतो. आईला ‘निरोप्या’ सांगितलं, तर तिने विचारलं, “मग गोळीत निरोप्याच असतो ना?” नसतो. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात आणि मेंदूत त्याचं डोपामिन होतं. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. याला पुस्तकात ‘पूर्वद्रव्य’ म्हणतात. आई ‘निरोप्याचा कच्चा माल’ म्हणाली. आमच्याकडे आता तोच शब्द चालतो.