लडाखला पर्यटक हवेत, पण पाणी कुठून आणणार?

घाटमाथा:
‘पर्यटक थांबले तर लडाखी उपाशी मरतील, पाण्याची ओरड उगाच’ असं बुलेटरावांनी परवा ठोकून दिलं. राहवेना म्हणून लिहितोय. लेहला वर्षभरात पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. शेती वितळत्या बर्फाच्या पाण्यावर, आणि कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते गावचा चुरपोन ठरवणार. अशा ठिकाणी हॉटेलांनी बोअर मारल्या, फ्लशचे संडास बसवले. कोरड्या संडासातून शेताला खत मिळायचं. आता मैला शोषखड्ड्यात आणि प्यायचं पाणी त्याच जमिनीतून. रोजगाराचं नाव घेऊन हे झाकू नका.

बुलेटराव:
पुण्यात बसून दुसऱ्याला कोरडा संडास वापरायला सांगणं सोपं आहे. श्रीनगरहून येणारी झोजिला खिंड बर्फाने बंद झाली की हिवाळाभर हाताला काम नसायचं. आम्ही उतरलो त्या होमस्टेवाल्याच्या दोन्ही मुली पर्यटकांच्या पैशावर शिकल्या. मुजोरी तिथल्या गाडीवाल्यांची आहे! मनालीहून भाड्याने आणलेली बाईक लेहपुढे नेऊ देईनात. लेहपुढच्या खारदुंगला खिंडीच्या रस्त्यावरून परत पाठवलं, दुसरी घ्यायला लावली. दुप्पट भुर्दंड.

सुमेधा_क:
बरोबरच केलं त्यांनी. उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. माझा मामा माथेरानला घोडा चालवायचा. दस्तुरीपुढे गाडी जात नाही, म्हणून त्याचं घर चाललं.

बुलेटराव:
माथेरानचं उदाहरण इथे लागूच नाही. दस्तुरीला सगळ्यांच्याच गाड्या थांबतात. लेहमध्ये त्यांच्या धावतात, आमच्या अडतात. धूर दोन्हींचा सारखाच. याला पर्यावरण म्हणू नका, धंदा म्हणा.

सुमेधा_क:
धंदाच आहे! डोंगर त्यांचा, कमाई मनालीच्या दुकानदाराने का न्यावी?

घाटमाथा:
बाईक पुरे झाली हो. पाण्याचं बोला.

रानवारा:
तुम्ही सगळे लेहच्या बाजारातच अडकलात. पूर्वेकडच्या चांगथांग पठाराकडे कुणी बघणार का? तिथे पांगला 13 गिगावॅटचा सौर-पवन वीजप्रकल्प आखलाय. चांगपा हे भटके पशुपालक त्याच पठारावर पश्मिन्याच्या शेळ्या चारतात. कुरण गेलं की कळप गेला. 2019 साली लडाखला केंद्रशासित केलं, विधानसभा दिली नाही. जमिनीवर हक्क राहावा म्हणून राज्यघटनेची सहावी अनुसूची (आदिवासी भागांना स्वायत्तता देणारी) मागतायत. लडाखचे कार्यकर्ते सोनम वांगचुक 2024 च्या मार्चमध्ये 21 दिवस उपोषणाला बसले ते याचसाठी. पर्यटक किती घ्यायचे हे तिथल्या लोकांनाच ठरवू द्या, आपण इथून नको.

बुलेटराव:
ठरवू देत की. हॉटेलांच्या बोअरना मीटर लावा, पाण्याचे पैसे घ्या, मी देईन. तेवढं घाटमाथ्यांचं मान्य. बाईकचं मात्र अजिबात पटलेलं नाही.