मदत हवी आहे : क्वेल्कायाच्या बर्फातला ऑक्सिजन तापमान सांगतो की पाऊस?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी पेरूमधल्या क्वेल्काया हिमटोपीचा बर्फगाभा (ड्रिलने खोलवरून काढलेला बर्फाचा लांब दंडगोल) घेतलाय आणि तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकून पडले आहे. समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवर) काम केलेलं कोणी इथे असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

क्वेल्काया अँडीजमध्ये, कुस्कोच्या बाजूला, सुमारे ५,६७० मीटर उंचीवर आहे. मे ते ऑक्टोबर तिथे कोरडा हंगाम. आजूबाजूच्या पठारावरची धूळ उडून बर्फावर बसते आणि पुढच्या ओल्या हंगामात तिच्यावर नवा पांढरा थर चढतो. हिमटोपीच्या कडेच्या उभ्या भिंतीचा एक फोटो मी टेबलासमोर लावलाय. काळसर रेघ, पांढरा पट्टा, पुन्हा रेघ. पेन्सिलीचं टोक टेकवत वर्षं मोजता येतात! पहिल्यांदा मोजली तेव्हा अंगावर काटा आला होता.

अमेरिकन हिमनदी-अभ्यासक लॉनी थॉम्पसन यांच्या पथकाने १९८३ मध्ये सौरऊर्जेवर चालणारं ड्रिल वर नेऊन इथे दोन गाभे काढले. बर्फ गोठलेला खाली आणायची सोय नव्हती, म्हणून तुकडे तिथेच वितळवून पाणी बाटल्यांत भरलं. २००३ मध्ये पुन्हा खोदलं, तेव्हाचे गाभे मात्र गोठलेलेच अमेरिकेत, ओहायोतल्या त्यांच्या विद्यापीठात पोचले. त्यातून सुमारे १,८०० वर्षांची नोंद मिळाली आणि ती सगळ्यांसाठी खुली आहे. मी तीच उतरवून घेतली. पेरूमध्येच १६०० साली वायनापुतिना ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याची राख या बर्फात सापडली आहे. त्यामुळे तारखांबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती ऑक्सिजनबद्दल. ध्रुवांकडचा नियम असा की थंडीतल्या बर्फात जड ऑक्सिजन-१८ कमी आणि उन्हाळ्यातल्या बर्फात जास्त. क्वेल्कायावर नेमकं उलटं दिसतं. तिथला ओला हंगाम म्हणजे दक्षिण गोलार्धातला उन्हाळा, आणि जड ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो त्याच बर्फात! मग साधारण सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत जड ऑक्सिजनचं प्रमाण खाली राहिलेलं दिसतं, त्याला 'लघु हिमयुगातली थंडी' (त्या शतकांतल्या थंड काळाला हे नाव आहे) म्हणायचं की 'जास्त पाऊस'? माझे मार्गदर्शक म्हणतात तापमान म्हणून मांड. सेमिनारला आलेल्या दुसऱ्या सरांनी ठामपणे सांगितलं की हा पावसाचा आलेख आहे. दोघांबद्दल आदर आहे, पण प्रकरणाला एकच शीर्षक द्यावं लागणार.

दुसरा प्रश्न लहान आहे. १९९१ मध्ये उथळ गाभा काढला तेव्हा वरच्या थरांतला हंगामी चढउतार वितळलेलं पाणी झिरपून पुसट झाला होता. मग अलीकडच्या वर्षांचे आकडे तुलनेला घ्यावेत का?

या विषयात मी कशी आले तेही सांगते. मी माणदेशातली. हिमालयातल्या दासुओपू हिमनदीच्या गाभ्यात १७९० च्या दशकात मोसमी पाऊस बुडाल्याची खूण धूळ आणि क्लोराइडच्या रूपात आहे, असं वाचलं होतं. १७९१-९२ चा दख्खनचा दुष्काळ त्याच वर्षांतला. आपल्या दुष्काळाची नोंद ७,००० मीटरच्या वर बर्फात जपलेली असावी, हे डोक्यातून गेलंच नाही.

प्रतिसाद

दोन्ही सर अर्धे बरोबर आहेत, पण 'पाऊस' म्हणताना कुठला पाऊस ते विचारा. क्वेल्काया पॅसिफिकच्या जवळ असलं तरी तिथली वाफ येते अटलांटिकवरून, अख्खं अॅमेझॉन ओलांडून. वाटेत पाऊस पडत जातो आणि जड ऑक्सिजन आधी खाली उतरतो. कोकणातून आलेला ढग घाटमाथ्यावर रिकामा होऊन तुमच्या माणदेशात पोचतो, तसंच. अॅमेझॉनवर जितका जोरात पाऊस, तितकी वर पोचणारी वाफ हलकी. दुसऱ्या बाजूला, एल निनोच्या वर्षी क्वेल्कायावर बर्फ कमी पडतो आणि त्यात जड ऑक्सिजन वाढतो. म्हणून काही वर्षांच्या आणि दशकांच्या मापावर हा आकडा पॅसिफिकच्या पृष्ठतापमानाशी जुळतो. थॉम्पसन यांचा भर त्यावर आहे. उलट, पेरूमधल्याच पुमाकोचा तलावाच्या गाळाच्या अभ्यासात लघु हिमयुगातलं हेच हलकेपण मोसमी पाऊस जोरदार असल्याची खूण मानलंय.

तुमच्याच नोंदीत एक कसोटी आहे. वार्षिक बर्फसंचयाचा रकाना उघडा. साधारण १५०० ते १७२० ओला काळ, १७२० ते १८६० कोरडा. ऑक्सिजन मात्र दोन्ही काळांत खालीच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वार्षिक सरासरी वापरा, तीही पाच-पाच वर्षांची. शेवटच्या काही वर्षांच्या हंगामांवर काहीही बांधू नका.

धागाकर्ती

खूप खूप आभार! रात्रीच दोन्ही आलेख एकाखाली एक काढले. १७२० वर पट्टी उभी धरली तर संचय खाली घसरतो आणि ऑक्सिजनची रेघ जागची हलत नाही. म्हणजे हिमटोपीवर किती बर्फ पडला यावरून ऑक्सिजनचा उलगडा होत नाही. वाटेतलं अॅमेझॉन आणि पॅसिफिकचं पाणी, दोन्ही धरावे लागतील. प्रकरणाचं शीर्षक आता 'ऑक्सिजन-१८ ची नोंद' एवढंच ठेवते. तापमान आणि पाऊस, दोन्ही अर्थ आत मांडेन. सोमवारी हेच दोन आलेख घेऊन सरांकडे जाणार आहे.

एक शेवटचं. खोलवरचे थर वरच्या वजनाने दबून, पसरून पातळ होतात. जुन्या शतकांच्या संचयासाठी ती दुरुस्ती कशी करतात हे कोणी स्प्रेडशीटमध्ये दाखवू शकेल का? हिमटोपीच्या कडेला बर्फ मागे हटल्यावर डिस्टिकिया नावाची गादीसारखी वनस्पती उघडी पडली आहे, कार्बन-१४ ने तिचं वय ५,००० वर्षांच्या आसपास निघालं. इतकी वर्षं झाकून ठेवणारा बर्फ आता जातोय. आहे ती नोंद मला नीट वाचायची आहे.